परत फिरणारा नाखवा

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाची पायरी चढणारी मी आमच्या घरातली पहिलीच. वडील होडीवर जातात, आई बाजारात मासळी विकते. घरात छापील अक्षर म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर आणि दुकानातून पुडी बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद. त्यामुळे गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचे चरित्र वाचून त्यावर लिहावे असे सांगितले, तेव्हा मी गोंधळूनच गेले. मैत्रिणींनी भराभर नावे निवडली. ओळखीची सगळी नावे संपली. मी ग्रंथालयाच्या कपाटासमोर उभी राहिले आणि वेष्टणावर होडीचे चित्र असलेले एक जाड इंग्रजी पुस्तक दिसले म्हणून तेच उचलले. त्या सगळ्या कपाटात होडी एवढी एकच वस्तू माझ्या ओळखीची होती.

शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक संपवायला मला दोन महिने लागले. एका शूर दर्यावर्द्याची कथा वाचायला मिळेल, या अपेक्षेने मी ते उघडले होते. भेटला तो मात्र परत फिरणारा माणूस. आणि परत फिरणाऱ्या माणसाशी माझे जुने भांडण होते. ते आधी सांगते.

मी बारावीत होते. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. पहाटे गावातल्या होड्या एकामागोमाग निघाल्या. खाडीच्या तोंडाशी वडिलांनी पश्चिमेकडे पाहिले, पाण्याचा रंग पाहिला आणि होडी वळवली. बाकीच्या पुढे गेल्या. संध्याकाळी त्या सगळ्या सुखरूप परत आल्या, मासळीने भरून आल्या. वादळ आले नाही. वारासुद्धा दिवसभर पडून होता. दुसऱ्या दिवशी बाजारात आईची पाटी तेवढी रिकामी. गावाने वडिलांना परतीचा नाखवा असे नाव ठेवले. माझी परीक्षेची फी त्या महिन्यात आईने कानांतली कुडी गहाण ठेवून भरली. मी चार दिवस वडिलांशी बोलले नाही. तेही काही बोलले नाहीत. जाळे दुरुस्त करीत बसले.

असो. आता ज्याच्यासाठी हा लेख लिहिते आहे त्या माणसाकडे वळते.

अर्नेस्ट शॅकल्टन याचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात झाला. वडील आधी शेती करीत. पुढे शेती सोडून ते डॉक्टर झाले आणि कुटुंबासह लंडनला आले. दहा भावंडांत अर्नेस्ट दुसरा. शाळेत त्याचे मन रमले नाही. सोळाव्या वर्षी तो शिडाच्या जहाजावर नोकरीला लागला आणि पायरीपायरीने चढत १८९८ साली कप्तानाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. म्हणजे समुद्र तो पुस्तकातून शिकला नाही. आमच्याकडची मुले शिकतात तसाच, दोर ओढून आणि डेक घासून शिकला.

१९०१ साली स्कॉटच्या मोहिमेबरोबर तो दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात प्रथम गेला. तिथे स्कर्व्हीने तो इतका खंगला की १९०३ मध्ये त्याला घरी पाठवून देण्यात आले. हा अपमान त्याच्या मनात सलत राहिला असावा. कारण १९०७ मध्ये तो स्वतःची मोहीम घेऊन पुन्हा निघाला. ९ जानेवारी १९०९ रोजी तो आणि त्याचे तीन सोबती ८८ अंश २३ मिनिटे दक्षिण अक्षांशावर पोचले. तोवर कोणीही माणूस इतक्या दक्षिणेला गेला नव्हता. दक्षिण ध्रुव फक्त ९७ सागरी मैल, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर उरला होता. जगातला मोठ्यात मोठा मान समोर दिसत होता. पण पिशवीत उरलेले अन्न आणि परतीची वाट यांचा हिशेब जुळत नव्हता. ध्रुव गाठता आला असता, परत येता आले नसते. शॅकल्टन परत फिरला. उपाशीपोटी रखडत चौघेही जिवंत परतले. इंग्लंडमध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, पण ध्रुव मिळाला नाही. तो १४ डिसेंबर १९११ रोजी अमुंडसेनने गाठला. महिनाभराने स्कॉटही पोचला आणि परतीच्या वाटेवर आपल्या चार सोबत्यांसह मरण पावला.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून ठेवले. खाडीच्या तोंडाशी वळलेली आमची होडी मला आठवली.

आता जी कथा सांगायची ती याच्या पुढची आहे. संपूर्ण दक्षिण खंड पायी ओलांडायचा असा बेत करून शॅकल्टन १९१४ साली निघाला. जहाजाचे नाव एन्ड्युरन्स, म्हणजे सहनशीलता. साउथ जॉर्जिया या बेटावर व्हेल पकडणाऱ्या नॉर्वेजियन लोकांची ठाणी होती. यंदा बर्फ फार आहे, असे त्यांनी त्याला सांगितले. तो महिनाभर थांबला आणि ५ डिसेंबर १९१४ रोजी निघालाच. तेव्हा तो सदैव सावध होता असे मी म्हणणार नाही. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात रुतले. दहा महिने बर्फाने ते आवळले, चिरडले आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी ते बुडाले. २८ माणसे, तीन होड्या आणि पायांखाली तरंगते बर्फ, एवढे उरले. (ते जहाज मार्च २०२२ मध्ये समुद्रतळाशी ३,००८ मीटर खोल सापडले.)

९ एप्रिल १९१६ रोजी बर्फ फुटू लागले आणि त्यांनी होड्या पाण्यात लोटल्या. पहिल्या रात्री ते एका मोठ्या हिमखंडावर झोपले. शॅकल्टनला चैन पडेना म्हणून तो तंबूबाहेर आला, आणि त्याच वेळी एका तंबूखाली बर्फ दुभंगले. होल्नेस नावाचा खलाशी झोपायच्या पिशवीसकट पाण्यात पडला. शॅकल्टनने त्याला पिशवीसह वर ओढले. पुढच्या काही क्षणांत बर्फाच्या दोन्ही कडा पुन्हा एकमेकींवर आदळल्या. बदलायला कोरडा कपडा नव्हता. सोबत्यांनी होल्नेसला उजाडेपर्यंत चालवत ठेवले. चालताना त्याच्या गोठलेल्या कपड्यांचा कडकड आवाज येत होता म्हणतात.

आपल्या समुद्राची ज्यांना सवय आहे त्यांना हे समजायला जड जाते. आमच्या गावात मुले होडीतून पडतात, हसतात आणि पोहून परत येतात. थंड पाण्याची गोष्ट वेगळी. खारे पाणी उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठते, आणि ही माणसे त्याच्या आसपासच्या पाण्यात होती. हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. आजचे जाणकार एक ढोबळ हिशेब सांगतात. पडल्यावर पहिला एक मिनिट श्वास आवरत नाही, धाप लागते आणि तोंडात पाणी जाते. बरेच जण इथेच बुडतात, पोहणारेसुद्धा. ज्याने तो मिनिट निभावला त्याचे हातपाय पुढची दहाएक मिनिटे काम देतात. त्यानंतर बोटांत दोर धरायचीही ताकद राहत नाही. शुद्ध हरपायला मात्र तासभर लागू शकतो. म्हणून तिकडे छोट्या होडीत चढतानाच लाइफ जॅकेट अंगात हवे. पाण्यात पडल्यावर ते घालायला बोटे वळत नाहीत. कपडे घालायचे ते हवा पाहून नव्हे, तर पाणी किती थंड आहे ते पाहून. शॅकल्टनच्या माणसांकडे यातले काहीच नव्हते. तेव्हा त्यांना एकच नियम होता. पाण्यात पडायचे नाही, आणि होडी उलटू द्यायची नाही.

सात दिवसांच्या हालांनंतर १५ एप्रिलला तिन्ही होड्या एलिफंट बेटाला लागल्या. पर्से ब्लॅकबरो हा पोरगा १८ वर्षांचा असताना लपूनछपून जहाजावर चढला होता. माझ्याहून एक वर्षाने लहान. थंडीने त्याचे पाय मेले होते. पुढे जूनमध्ये डॉक्टरांना त्याच्या डाव्या पायाची बोटे कापावी लागली. बेट ओसाड. तिथे कोणी शोधायला येईल याची आशा नव्हती. कोणीतरी जाऊन मदत आणायला हवी होती.

इथे शॅकल्टनने जो विचार केला तो आमच्या वडिलांना मी जसाच्या तसा सांगितला, आणि ते मान हलवत राहिले. फॉकलंड बेटांवरचे बंदर जवळ होते, पण तिकडे जायचे तर वारा तोंडावर. साउथ जॉर्जिया ८०० सागरी मैल, म्हणजे सुमारे १,५०० किलोमीटर दूर, पण वारा पाठीशी. त्याने दूरचे बंदर निवडले. नकाशावर जवळ दिसणारे बंदर वाऱ्याच्या हिशेबात दूर असू शकते.

तीन होड्यांतली जेम्स केअर्ड ही त्यातल्या त्यात मोठी. लांबी २२.५ फूट. आमच्या होडीहून थोडीशीच मोठी आणि वरून उघडी. मॅकनिश नावाच्या सुताराने ती दर्याजोगी केली. त्याच्याजवळ नवे लाकूड नव्हते. खोक्यांची झाकणे, घसरगाडीच्या पट्ट्या आणि कापड यांतून त्याने होडीवर छप्पर उभे केले. कापड गोठून फळीसारखे ताठ झालेले, ते चरबीच्या चुलीवर थोडे थोडे ऊब देऊन शिवावे लागले. फळ्यांच्या फटी दिव्याच्या वातींनी, चित्रकाराच्या तैलरंगांनी आणि सीलच्या रक्ताने बुजवल्या. लाटेवर होडीची पाठ मोडू नये म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी तळाला लांबीने जखडली. तळाशी नीरम म्हणून, म्हणजे होडीचा तोल राहावा म्हणून, कांबळ्यांच्या पिशव्यांत भरलेले सुमारे एक टन दगडगोटे घातले. अन्न चार आठवड्यांचे घेतले. चार आठवड्यांत पोचलो नाही तर पोचणारच नाही, हा हिशेब साधा होता.

२४ एप्रिल १९१६ रोजी सहा जण निघाले. शॅकल्टन, जहाजाचा कप्तान वर्स्ली, क्रीन, सुतार मॅकनिश आणि मॅकार्थी व व्हिन्सेंट हे दोन खलाशी. तिघे पाळीवर, तिघे झोपायला, चार चार तासांनी बदल. एक सुकाणूवर, एक शिडाच्या दोरांवर, एक पाणी उपसायला. झोपायची जागा म्हणजे त्या दगडांवर, गुडघे पोटाशी घेऊन, केस गळणाऱ्या ओल्या कातडी पिशवीत. कपडा वाळला असा एक दिवस नाही. खाऱ्या पाण्याने अंगाला फोड आलेले.

वाचकहो, या सोळा दिवसांत शौर्याचे प्रसंग शोधायला गेले तर फारसे सापडत नाहीत. सापडतात ती लहान लहान कामे, पुन्हा पुन्हा केलेली. दोन माणसांनी पाय टेकवून स्टोव्ह धरायचा आणि क्रीनने त्यावर जेवण शिजवायचे. दिवसा ठरावीक वेळी गरम जेवण, रात्री गरम दूध, हे कितीही लाटा असल्या तरी चुकले नाही. एखादा सोबती जास्त कुडकुडतो आहे असे शॅकल्टनच्या ध्यानात आले की तो सगळ्यांसाठी गरम दूध करायला सांगे. त्या एकट्याला दिले तर आपली अवस्था वाईट आहे हे त्याला कळेल आणि तो मनाने खचेल, म्हणून. हे वाचताना मला आमच्या आईची आठवण झाली. ताप आलेल्या भावाला ती कधी एकट्याला पेज देत नसे, आम्हा सगळ्यांनाच देई.

मग एके दिवशी हवा इतकी गारठली की उडणारे पाणी होडीवर पडताच गोठू लागले. वरच्या अंगाला बर्फाचे ओझे चढले की होडी जड होते, लाटेवर उठत नाही आणि शेवटी पालथी होते. एकेक जण आळीपाळीने त्या निसरड्या छपरावर सरपटत गेला आणि कुऱ्हाडीने बर्फ फोडून आला. कापडाला भोक पडू न देता बर्फ तोडायचे, ते काम काही मिनिटांच्या वर कोणाला जमत नसे. जास्तीची वल्ही आणि झोपायच्या दोन गोठलेल्या पिशव्या समुद्रात टाकून दिल्या. थंडीत अंथरुण फेकून देणे सोपे नाही. पण होडी हलकी राहिली.

वाट कशी काढली? सूर्य दिसेल तेव्हा वर्स्ली सेक्स्टंट डोळ्याला लावी आणि दोघे त्याला धरून ठेवीत. साऱ्या प्रवासात त्याला सूर्य अवघा चारदा गवसला. आपला हिशेब किती मैलांनी चुकला असेल हे सांगता येत नाही, हे वर्स्लीने लपवले नाही. माणसांची ठाणी साउथ जॉर्जियाच्या पूर्व किनाऱ्यावर होती. सरळ तिकडे जाताना बेट हुकले असते तर पश्चिमेच्या वाऱ्यापुढे परत येणे नव्हते. म्हणून त्यांनी अलीकडचा, निर्जन पश्चिम किनाराच धरला. आधी जमीन, मग माणसे.

५ मेच्या रात्री सुकाणूवर असलेल्या शॅकल्टनला आभाळ फाकल्यासारखे दिसले. क्षणभराने कळले की ती पांढरी रेघ म्हणजे एका प्रचंड लाटेचा माथा आहे. होडी अर्धी भरली. हाताला येईल त्या भांड्याने सगळ्यांनी जिवाच्या आकांताने पाणी उपसले आणि ती तरली.

८ मे रोजी जमीन दिसली. पिण्याच्या पिंपात समुद्राचे पाणी शिरल्यामुळे सगळे तहानेने व्याकूळ झाले होते. समोर जमीन, जमिनीवर पाणी. पण अंधार पडत होता आणि खडकांवर लाटा फुटत होत्या. शॅकल्टनने होडी पुन्हा खोल पाण्यात वळवली. त्या रात्रीनंतर चक्रीवादळ उठले आणि ९ मेचा सारा दिवस त्यांना किनाऱ्यावर आपटण्यापासून वाचण्यातच गेला. अंधारात उतरलो असतो तर हे टळले असते का? की खडकावर चुरा झाला असता? कोणीच सांगू शकत नाही. १० मेला ते किंग हाकोन उपसागरात उतरले. सहाही जिवंत.

पुढचे थोडक्यात सांगते. तिघांना मागे ठेवून शॅकल्टन, वर्स्ली आणि क्रीन यांनी बेटाचे बर्फाळ डोंगर ३६ तासांत ओलांडले. बर्फावर पाय घसरू नयेत म्हणून सुताराने होडीचे स्क्रू काढून त्यांच्या बुटांच्या तळव्यांना ठोकले होते. २० मेला ते स्ट्रोमनेसच्या ठाण्यावर पोचले. एलिफंट बेटावरच्या बावीस जणांना आणण्याचे तीन प्रयत्न बर्फामुळे फसले. चौथ्या वेळी लुईस पार्दो या कप्तानाच्या येल्चो या चिली देशाच्या बोटीतून, ३० ऑगस्ट १९१६ रोजी, बावीसही जण सुखरूप निघाले. मात्र खंडाच्या दुसऱ्या बाजूला याच मोहिमेची जी तुकडी काम करीत होती, तिच्यातले तिघे दगावले. शॅकल्टनच्या चरित्रात हेही लिहिलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला सलते. ज्या सुताराच्या हातांनी ती होडी तरली त्या मॅकनिशला मोहिमेचे पदक मिळाले नाही. बर्फावर असताना एकदा त्याने हुकूम मानला नव्हता, ते शॅकल्टन विसरला नाही. माणसांच्या जिवाबद्दल इतका जपणारा पुरुष माफ करण्याच्या बाबतीत कोता ठरला. थोरांच्या चरित्रात अशी जागा आली की आपण पान उलटतो. मी कष्टकऱ्याच्या घरातली असल्यामुळे मला ते उलटता आले नाही.

शॅकल्टन पैशाच्या व्यवहारात कधी यशस्वी झाला नाही. डोक्यावर कर्ज असतानाच तो पुन्हा दक्षिणेला निघाला आणि ५ जानेवारी १९२२ रोजी साउथ जॉर्जियाच्या बंदरात, जहाजावरच, हृदयविकाराने वारला. वय अवघे ४७. पत्नीच्या इच्छेप्रमाणे त्याला तिथेच पुरले. जेम्स केअर्ड आज लंडनला, तो शिकला त्या डलिच कॉलेजात ठेवलेली आहे.

हे चरित्र वाचून मला एकच गोष्ट कळली, पण ती मला हवी होती. शौर्याला साक्षीदार असतात, सावधपणाला नसतात. जो पुढे गेला आणि तरला त्याचे पोवाडे होतात, जो पुढे गेला आणि बुडाला त्याचे स्मारक होते. जो परत फिरला त्याच्याजवळ दाखवायला काही नसते. न आलेले वादळ, न उलटलेली होडी त्याने कोणाला दाखवायची? त्या ऑगस्टच्या पहाटे वडिलांना पाण्यात काय दिसले ते मला कधीच कळणार नाही. बहुधा ते चुकलेही असतील. पण असे चुकण्याची ज्याची तयारी आहे तोच बाकीचे दिवस माणसांना घरी आणतो. गेल्या बावीस वर्षांत वडिलांच्या होडीवरचा एकही माणूस दगावलेला नाही. हा आकडा मी कधी मोजलाच नव्हता.

सुट्टीत गेले तेव्हा ही सारी कथा मी वडिलांना सांगितली. ध्रुव, पदवी, विक्रम यांत त्यांनी लक्ष घातले नाही. त्यांनी विचारले ते एवढेच, की नीरम किती घातले होते, आणि त्या सुताराला शेवटी काय मिळाले. पहिल्याचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

या वर्षीच्या शिष्यवृत्तीतून मी दोन लाइफ जॅकेट घेऊन दिली. आपला समुद्र थंड नाही, पण बुडायला तो पुरेसा आहे. वडील ती अंगात घालायची सोडून उशाला घेतात, अशी आईची तक्रार आहे. पण होडीवर असतात एवढे खरे. बाकीचे मी सुट्टीत बघणार आहे.